दिवाण आणि संपादक

बंगळूरच्या बसवनगुडी भागात नंदीचे एक पुरातन देवालय आहे. त्या देवालयावरून जाणाऱ्या रस्त्याने नरसिंहराज कॉलनीकडे चालू लागले की एका इमारतीवरील नाव वाचून महाराष्ट्रातून आलेला प्रवासी क्षणभर थबकतो. नाव आहे गोखल्यांचे. पुण्यातही त्यांच्या नावाची एक संस्था आहे, ती १९३० सालची, अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेली. परंतु बंगळूरच्या संस्थेचे काम निराळे. येथे पदव्या मिळत नाहीत. सामान्य नागरिकाने सायंकाळी यावे, वर्तमानपत्रे आणि ग्रंथ वाचावेत, सार्वजनिक प्रश्नांवरील व्याख्यान ऐकावे आणि राज्यकारभार म्हणजे आपलाच प्रपंच आहे हे ओळखून घरी जावे, एवढ्याचसाठी फेब्रुवारी १९४५ मध्ये ती स्थापन झाली.

हे नाव येथे आणणारा माणूस मराठी नव्हता. गोखल्यांचा तो सहकारी नव्हता आणि शिष्यही नव्हता. तो एक कानडी वृत्तपत्रकार होता. देवनहळ्ळी वेंकटरमणय्या गुंडप्पा हे त्याचे पूर्ण नाव, पण सारे कर्नाटक त्यांस डीव्हीजी ह्या तीन अक्षरांनी ओळखते. ‘मंकुतिम्मन कग्ग’ हा त्यांचा १९४३ सालचा पद्यसंग्रह कानडी घरांतून आजही पाठ म्हटला जातो, म्हणून पुष्कळांना ते कवी म्हणूनच ठाऊक असतात. परंतु त्यांच्या पोटापाण्याचा उद्योग लेखणीचाच होता. ते संपादक होते. आणि ज्या काळात ते संपादक झाले त्याच काळात म्हैसूर संस्थानच्या दिवाणपदावर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते.

ह्या दोघांचा स्नेह विश्वेश्वरय्यांच्या मृत्यूपर्यंत टिकला. त्याची हकिकत सांगण्याजोगी आहे, कारण तो सहज टिकणारा नव्हता.

वृत्तपत्रे आणि मैत्री यांचा संबंध मराठी वाचकास नवा नाही. टिळक आणि आगरकर यांनी १८८१ साली ‘केसरी’ काढला. सहा वर्षांनी आगरकरांनी त्याचे संपादकत्व सोडले आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ निघाला. त्या पत्राची इंग्रजी बाजू काही काळ गोखल्यांनी सांभाळली. मतांचा ताण मैत्रीला सोसला नाही, आणि १८९५ साली आगरकर गेल्यावरच टिळकांची लेखणी पुन्हा ओली झाली. पण ते दोघेही लिहिणारे होते. एकाच्या हाती लेखणी आणि दुसऱ्याच्या हाती राज्याची मोहोर असली म्हणजे गोष्ट अधिक अवघड होते. तेथे मतभेदाने जितके बिघडते त्याहून अधिक उपकाराने बिघडते.

विश्वेश्वरय्या मूळचे मुद्देनहळ्ळीचे. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये बी. ए. झाल्यावर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यविद्या शिकण्यास आले, आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून नाशिकला रुजू झाले. त्यांच्या उमेदीची सुमारे पंचवीस वर्षे ह्या इलाख्यात गेली. खानदेशात पांझरा नदीच्या पात्राखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांनी केले. पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावावर पाणी वाढताच आपोआप उघडणारे दरवाजे बसविले, ते विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळराव गोखले यांचा सहवास त्यांना लाभला. देशाचे दारिद्र्य ही मोजता येणारी आणि म्हणून कमी करता येणारी वस्तू आहे, हा रानड्यांचा विचार ह्या इंजिनियराच्या मनात कायमचा रुतून बसला. १९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य इंजिनियर झाले आणि नोव्हेंबर १९१२ मध्ये दिवाण.

गुंडप्पांची वाट अगदी वेगळी. कोलार जिल्ह्यातील मुळबागल येथे १७ मार्च १८८७ रोजी त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकच्या परीक्षेत ते नापास झाले आणि शाळेशी त्यांचा संबंध तेथेच संपला. पोटासाठी त्यांनी लहानसहान कामे केली. बंगळूरला आल्यावर टांगे रंगविण्याच्या कारखान्यातही काही दिवस काढले. संस्कृत, इंग्रजी, राज्यशास्त्र आणि अर्थकारण हे सारे त्यांनी शाळेबाहेर मिळविले. वृत्तपत्रांतून तुटपुंज्या मोबदल्यावर लिहीत लिहीत ते संपादक झाले. म्हैसूरचे पूर्वीचे दिवाण रंगाचार्लू यांचे चरित्र त्यांनी तरुणपणीच लिहिले. १८८१ साली प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन करणारे हे दिवाण. राजाने प्रजेला विचारावे आणि प्रजेने निर्भयपणे सांगावे, ह्या कल्पनेचे आकर्षण डीव्हीजींना किती लवकर लागले होते ते यावरून दिसते.

त्या काळचे म्हैसूर हे पुढारलेले संस्थान म्हणून वाखाणले जाई, आणि ते खरेही होते. पण वृत्तपत्रांच्या बाबतीत ते फारसे उदार नव्हते. १९०८ साल मराठी वाचकाला टिळकांच्या मंडालेच्या शिक्षेमुळे आठवते. त्याच साली म्हैसूर दरबारने वृत्तपत्रांचा कायदा केला. सरकारच्या परवानगीवाचून पत्र काढता येऊ नये आणि दिलेली परवानगी सरकारला काढून घेता यावी, असा त्याचा रोख. म्हैसूरचे वयोवृद्ध लोकसेवक एम. वेंकटकृष्णय्या, ज्यांना सारे ‘तातय्या’ म्हणत, त्यांनी ह्या कायद्याच्या निषेधार्थ आपली पत्रे बंद केली. ह्याच कायद्याच्या छायेत १९१३ साली डीव्हीजींनी ‘कर्नाटक’ नावाचे इंग्रजी अर्धसाप्ताहिक सुरू केले. संपादक पंचविशीतला, दिवाण पन्नाशी ओलांडलेले. एकाच्या मागे साऱ्या हिंदुस्थानात पसरलेली कीर्ती, तर दुसऱ्याच्या पदरी मॅट्रिकचे प्रमाणपत्रही नाही.

संस्थानातील लहान पत्राचा संसार कसा चाले हे आज समजावून सांगितले पाहिजे. वर्गणीदार थोडे, त्यांतही सरकारी नोकर पुष्कळ. व्यापाऱ्यांच्या जाहिराती तुरळक. सरकारी नोटिसा मिळाल्या तर छापखान्याचे बिल भागे. त्यामुळे पत्र गळ घालण्यासाठी हुकूमच लागे असे नव्हते. दरबारातील एखाद्या अधिकाऱ्याच्या कपाळावरील आठीही पुरेशी होई. आणि तिच्याहून धोक्याचे असे ते दरबारचे हसू. आपल्याकडे ‘राजाश्रय’ हा शब्द फार गोड मानला जातो. कवीला आणि गवयाला तो मानवतही असेल. संपादकाला तो मानवल्याचे उदाहरण निदान प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही.

दसऱ्याचे दिवस ही ह्या साऱ्याची परीक्षा असे. म्हैसूरचा दसरा म्हणजे केवळ हत्तीची मिरवणूक नव्हे. राजवाडा दिव्यांनी उजळे, औद्योगिक प्रदर्शन भरे, गावोगावचे प्रतिनिधी म्हैसुरास जमत, आणि उत्सव आटोपताच प्रजाप्रतिनिधी सभेचे अधिवेशन होऊन दिवाण वर्षाचा हिशेब मांडीत. साहजिकच वृत्तपत्रांचे बातमीदारही तेथे जात. त्यांच्या जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च म्हणून दरबारकडून काही रक्कम देण्याचा परिपाठ होता. तीत कोणाला काही वावगे वाटत नसे. पाहुण्याचा पाहुणचार, त्यात काय?

डीव्हीजींनी ती रक्कम घेतली नाही, ही गोष्ट कर्नाटकात आजही सांगितली जाते. त्यांचा विचार सरळ होता. बातमी ही वाचकाची गरज आहे, दिवाणाची नव्हे. तेव्हा तिचा खर्च वाचकाच्या पैशातून, म्हणजे पत्राच्या तिजोरीतून झाला पाहिजे. तिजोरीत खडखडाट असला तर तो संपादकाचा प्रश्न.

हा नकार ज्यांना द्यावयाचा ते विश्वेश्वरय्या होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. स्वतःच्या बाबतीत त्यांची शिस्त याहून कडक होती. दिवाणपद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आप्तांना एकत्र बोलावून बजावले की कोणी आपल्याकडे नोकरीची, बढतीची किंवा सवलतीची मागणी करणार नसेल तरच आपण हे पद घेऊ, असे सांगतात. सरकारी कामास सरकारी साहित्य आणि खाजगी कामास खाजगी, हा त्यांचा नियम तर दंतकथेसारखा झाला आहे. त्यातील खरे किती आणि भर किती हे निवडण्याची आवश्यकता नाही, कारण भरदेखील ज्याच्या अंगी शोभेल त्याच्याच नावावर पडते. असा मनुष्य परत आलेल्या पैशाने दुखावणार नाही. उलट, ज्याने दरबारचा पैसा परत केला त्याने छापलेली स्तुती विकत घेतलेली नाही आणि त्याने छापलेली टीकाही पैशासाठी नाही, एवढे दिवाणास निश्चित कळते. राज्यकर्त्याला असे एखादे पत्र मिळणे ही चैन नव्हे, गरज आहे. भोवतीचे सारे होकार देणारे असताना जमिनीवर खरोखर काय चालले आहे ते त्याला दुसरे कोण सांगणार?

सांगण्यासारखे त्या सहा वर्षांत पुष्कळ होते. कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम विश्वेश्वरय्या मुख्य इंजिनियर असताना १९११ मध्ये सुरू झालेले होते. १९१३ साली म्हैसूर बँक निघाली, १९१५ साली कन्नड साहित्य परिषद, १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ, आणि चंदनाच्या तेलाचा व साबणाचा उद्योगही त्याच सुमारास. हिंदुस्थानातील संस्थानी प्रदेशात निघालेले ते पहिले विद्यापीठ. प्रजाप्रतिनिधी सभेचे वर्षातून दुसरे अधिवेशनही ह्याच कारकीर्दीत सुरू झाले. राज्यात रोज काही नवे उभे राहत होते आणि त्याचा खर्चही रोज वाढत होता.

ह्या कामांविषयी डीव्हीजींच्या मनात आदर होता. परंतु दोघांच्या विचारांची बैठक एक नव्हती, हे दोघांचेही लेखन वाचले की कळते. विश्वेश्वरय्यांना वाटे की देश कारखान्यांनी उभा राहील. १९२० साली त्यांनी हिंदुस्थानच्या पुनर्रचनेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि १९३४ साली नियोजित अर्थव्यवस्थेवर दुसरा. पंचवार्षिक योजना हा शब्द आपल्या घरात येण्यापूर्वी कितीतरी आधी. डीव्हीजी म्हणत त्याचा भावार्थ असा की धरण बांधता येईल, पण पाटाचे पाणी रात्री चोरणारा शेतकरी आणि त्याकडे काणाडोळा करणारा कारकून हे जोवर बदलत नाहीत तोवर नुसते धरण काय करील? त्यांची सारी भिस्त नागरिकावर होती. पुढे १९५२ च्या सुमारास त्यांनी कानडीत ‘राज्यशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला तो याच श्रद्धेने. एकाचे लक्ष पाण्याच्या पातळीकडे, दुसऱ्याचे माणसाच्या पातळीकडे. प्रस्तुत लेखकास वाटते की दोघांनाही दुसऱ्याचे म्हणणे आपल्या म्हणण्यास पूरक वाटत असले पाहिजे, एरवी इतकी वर्षे बोलणे चालले नसते.

दोघांना जोडणारा दुवा होता तो गोखल्यांचा. विश्वेश्वरय्यांनी त्यांना पुण्यात पाहिले होते. डीव्हीजींनी त्यांना मुख्यतः वाचले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले, आणि बंगळूरात डीव्हीजींनी त्यांचे कानडी चरित्र लिहावयास घेतले. त्याच वर्षी ८ मे रोजी गोखल्यांच्या तसबिरीच्या अनावरणासाठी गांधीजी बंगळूरास आले. ते नुकतेच दक्षिण आफ्रिकेहून परतले होते. त्यांना बोलावून आणण्यात डीव्हीजी आणि त्यांचे सहकारी यांचा पुढाकार होता. स्टेशनावर उत्साही मंडळी गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढण्यास सिद्ध झाली, तेव्हा गांधीजींनी नकार दिला. सार्वजनिक माणसांना असे ओढून बिघडवू नका, त्यांना मुकाट्याने काम करू द्या, असे ते त्या दिवशीच्या भाषणात म्हणाले. ज्या संपादकाने त्यांना आणविले त्याच्या मनात हे शब्द कोठे जाऊन बसले असतील याची कल्पना करता येते.

तत्त्वाची किंमत बहुधा घरातील माणसे भरतात. डीव्हीजींच्या पत्नी भागीरथम्मा यांची एक हकिकत सांगितली जाते. नात्यातल्या एका घरी मंगलकार्य होते. मुले तिकडे गेली, पण भागीरथम्मा घरीच राहिल्या. बाहेरून आलेल्या डीव्हीजींनी कारण विचारले. प्रथम त्या बोलेनात. मग म्हणाल्या की नेसूचे लुगडे हे एकच आहे आणि तेही फाटलेले. मी गेले नाही म्हणून कोणाचे अडणार नाही. पण मला ह्या लुगड्यात पाहिले तर लोक मला नव्हे, तुम्हांला बोलतील. तुमचे नाव राखणे हे तुमच्याइतके माझेही काम आहे.

दरबारचे पैसे परत करणाऱ्याच्या घरातील ही स्थिती होती. नकाराचा मोठेपणा सांगताना ही बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. दसऱ्याच्या त्या रकमेत एक लुगडे सहज आले असते. भागीरथम्मांना हे ठाऊक नसेल असे मानण्याचे कारण नाही. त्या अकाली गेल्या. डीव्हीजी तेव्हा चाळिशीच्याही आत होते. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्यांचे पुत्र बी. जी. एल. स्वामी पुढे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ झाले आणि कानडीतील एक अत्यंत रसाळ लेखकही.

१९१८ च्या अखेरीस विश्वेश्वरय्या दिवाणपदावरून दूर झाले. सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या समाजांना वाटा मिळावा म्हणून महाराजांनी न्यायमूर्ती मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. गुणवत्तेच्या कसोटीस धक्का लागेल अशी विश्वेश्वरय्यांना भीती वाटली, आणि ह्या प्रश्नावर त्यांचे महाराज कृष्णराज वडियर यांच्याशी पटले नाही. आज मागे वळून पाहताना म्हटले पाहिजे की त्या वादात काळ महाराजांच्या बाजूने होता. शाळेचे दारच ज्यांना उशिरा उघडले त्यांना गुणवत्तेच्या एकाच मापाने मोजणे न्यायाचे नव्हते. मोठ्या माणसांच्या दृष्टीलाही मर्यादा असते, आणि ती नोंदविल्याने त्यांच्या इतर कामास उणेपणा येत नाही.

सत्ता गेली की दिवाणखाना रिकामा होतो, हा जगाचा क्रम. ह्या स्नेहाचा खरेपणा येथून पुढे दिसतो, कारण आता दिवाणाजवळ देण्यासारखे काही उरले नव्हते. ‘कर्नाटक’ पत्रही १९२० नंतर फार दिवस चालले नाही. म्हणजे संपादकाजवळही छापण्यासारखे काही राहिले नाही. दोघेही रिकाम्या हातांनी एकमेकांचे राहिले. डीव्हीजींनी नंतर निरनिराळी नियतकालिके चालविली. १९२६ पासून कित्येक वर्षे ते म्हैसूरच्या विधिमंडळात होते, १९३२ साली मडिकेरीच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. संस्थानी प्रजेला हिंदुस्थानच्या राज्यघटनेत स्थान हवे, ह्या विषयावर त्यांनी इंग्रजीत सातत्याने लिहिले. १९२७ साली मुंबईत अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषद भरली त्याच्या आधीपासून ते ह्या प्रश्नावर लिहीत होते. विश्वेश्वरय्या मात्र भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना सावरण्यात गुंतले होते.

तशात एक नाजूक प्रसंग आला. १९२६ साली सर मिर्झा इस्माईल दिवाण झाले. तेही डीव्हीजींचे स्नेही. बंगळूर उद्यानांनी नटविणारा, लोकांत मिसळणारा हा दिवाण. १९२८ साली सुलतानपेठेतील एका शाळेतील गणपतीच्या मूर्तीवरून शहरात दंगल उसळली. मुसलमान दिवाण, हिंदू देवता. अफवांना आणखी काय हवे? सरकारने चौकशी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद विश्वेश्वरय्यांकडे गेले. माजी दिवाणाने आजी दिवाणाच्या कारभाराची चौकशी करावयाची, आणि डीव्हीजी दोघांचेही मित्र. समितीचा अहवाल सरकारला सुखावणारा नव्हता. परंतु डीव्हीजींचा एकाशीही संबंध तुटला नाही. एका मित्राची बाजू दुसऱ्याच्या कानी घालण्याचा उद्योग त्यांनी आयुष्यात कधी केला नव्हता, तो त्यांना ह्या वेळी उपयोगी पडला असावा.

उतारवयात डीव्हीजींनी ‘ज्ञापक चित्रशाळे’ ह्या मालिकेत आपल्या आठवणी लिहिल्या. तिचे आठ भाग आहेत. एका भागात म्हैसूरचे दिवाण आहेत. पण दुसऱ्या भागांतून स्वयंपाकी, वैदिक, शाळामास्तर, कलावंतिणी आणि साधीसुधी गावकरी माणसे तितक्याच मानाने बसलेली आढळतात. आठवणींच्या ह्या चित्रशाळेत दिवाणाच्या तसबिरीला सोन्याची चौकट नाही. ज्या लेखकाने सत्ताधाऱ्यांकडून काही घेतलेले नसते त्यालाच असा भिंतीवर सर्वांना सारख्या उंचीने लावण्याचा अधिकार राहतो.

१९५५ साली विश्वेश्वरय्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. तो स्वीकारण्यापूर्वी त्यांनी पंडित नेहरूंना कळविले होते की ह्या सन्मानामुळे मी आपल्या सरकारची वाखाणणी करीत राहीन अशी अपेक्षा असेल तर ती पुरी होणार नाही. आणि तशी अपेक्षा मुळीच नाही, असे नेहरूंनी उत्तर दिले. नव्वदी उलटलेला तो वृद्ध इंजिनियर त्या पत्रात एखाद्या बाणेदार संपादकासारखा बोलला. १५ सप्टेंबर १९६० रोजी त्यांची शताब्दी साजरी झाली. लालबागेतील त्या समारंभास नेहरू स्वतः आले, त्यांच्या नावाचे टपाल तिकीटही निघाले. १९६२ च्या एप्रिलमध्ये ते निवर्तले.

डीव्हीजी त्यानंतर तेरा वर्षे जगले. बसवनगुडीतील गोखल्यांच्या नावाच्या संस्थेत बसून ते नियतकालिकाची मुद्रिते तपासीत, तरुणांचे वर्ग घेत, गीतेवर आणि राज्यघटनेवर सारख्याच तळमळीने बोलत. गीतेवरील त्यांच्या ग्रंथाला १९६७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७० साली नागरिकांनी त्यांचा जाहीर सत्कार करून सुमारे एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. ती त्यांनी तेथल्या तेथे संस्थेस देऊन टाकली. १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. ७ ऑक्टोबर १९७५ रोजी ते गेले.

मिर्झा इस्माईल दिवाण असताना डीव्हीजींनी त्यांना लेखनाच्या कामी वेळोवेळी साहाय्य केले होते. त्याचा मोबदला घेण्यास ते तयार नसत आणि दिवाण तो दिल्यावाचून राहत नसत. शेवटी धनादेश येत. ते परत केले तर मित्राचा अवमान होतो, वटविले तर आपल्या नियमाचा. डीव्हीजींनी ते दोन्ही केले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर घरातील जुनी पेटी उघडली तेव्हा त्यांतील कित्येक धनादेश तिच्यात नीट ठेवलेले सापडले, असे सांगतात. एवढ्या वर्षांनी कोणत्याही बँकेने त्यांवर एक पैसाही दिला नसता.